मे महिन्यातला गिगाहर्ट्झ

आमच्या वसईत लग्नाच्या व्हिडिओंवर बरीच घरं चालतात. तुळशीचं लग्न लागलं की हॉल भरायला लागतात. पश्चिमेकडच्या गावांतली ख्रिस्ती लग्नं नाताळ झाल्यावर सुरू होतात, उपवासकाळात थांबतात आणि ईस्टर झाला की एप्रिल-मेमध्ये पुन्हा जोर धरतात. एकेका लग्नाचं तीन-चार कॅमेऱ्यांचं फोर-के फुटेज, वर ड्रोन, आणि परगावचे पाहुणे निघायच्या आत निदान हायलाइट हवी असा आग्रह. म्हणजे एडिटरच्या मशीनवर सगळ्यात जास्त लोड येतो तो नेमका वर्षातल्या सगळ्यात उकाड्याच्या दिवसांत. ‘दादा, पाच गिगाहर्ट्झला लॉक केलंय, पण स्पीड टिकत नाही’ ही तक्रार माझ्या दुकानात त्याच दिवसांत येते. दोन्हींचा संबंध आहे असं सांगितलं तर गिऱ्हाईक मान हलवतं आणि म्हणतं, ‘पण डिसेंबरात तर चालत होतं ना!’

चालत होतंच. खोटं कोण म्हणतं?

ओव्हरक्लॉकचं, म्हणजे चिप कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जोरात पळवायचं काम मी शिकलो लॅमिंग्टन रोडला. सकाळच्या विरार लोकलने निघायचं, मुंबई सेंट्रलला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं आणि दिवसभर एका अरुंद दुकानाच्या पोटमाळ्यावर मशीनं जोडायची. १९९८-९९ चा काळ, आणि तेव्हा सेलेरॉन ३००-एची हवा होती. चिप ३०० मेगाहर्ट्झची. बोर्डाकडून येणारा ठोका ६६ मेगाहर्ट्झचा आणि चिपमध्ये पक्का बसवलेला गुणक साडेचारचा. बोर्डाचा ठोका १०० केला की त्याच साडेचारने ४५० मेगाहर्ट्झ होत. ज्या बोर्डात ठोका बदलायची सोय नव्हती तिथे चिपच्या कार्डावरच्या बी-२१ नावाच्या टोकावर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावायचा. बोर्डाची समजूत अशी की आपल्यात १०० चीच चिप बसवली आहे. दीडपट वेग, आणि खर्च चिकटपट्टीचा. तेव्हा काम सोपं होतं, कारण निकाल रोखठोक लागायचा. मशीन विंडोजपर्यंत जाऊन तासभर चाललं तर चाललं, नाहीतर जुन्या आकड्यावर परत. वेग मधेच खाली-वर होण्याचा प्रश्नच नव्हता. चिपला स्वतःचा वेग बदलता येत नव्हता.

आता येतो, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. आजही हिशोब तोच आहे, १०० मेगाहर्ट्झचा ठोका गुणिले गुणक. गुणक ५० टाकला की ५ गिगाहर्ट्झ. पण बायोसमध्ये टाकलेला तो आकडा म्हणजे फक्त वरची हद्द. प्रत्यक्षात कोणत्या क्षणी किती वेगाने धावायचं हे चिप एका सेकंदात कितीतरी वेळा स्वतः ठरवते. तापमान किती, वॅट किती, बोर्डाचा वीजपुरवठा काय सांगतोय, कोणत्या जातीचं काम समोर आलंय, हे सगळं बघून ठरवते. त्यामुळे आज घड्याळ अस्थिर दिसलं की पहिला प्रश्न ‘बिघडलं काय’ हा नसावा. ‘चिपला कुणी अडवलं’ हा असावा. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठ जणांनी हा प्रश्न न विचारताच व्होल्टेज वाढवलेलं असतं.

आणि काही जणांचं तर काहीच बिघडलेलं नसतं. नालासोपाऱ्याहून एक मुलगा रिक्षात मशीन घालून आला होता, कारण त्याला ५००० च्या जागी ४९९० दिसत होतं. बोर्डाचा ठोका थोडा पसरट ठेवायची एक सोय असते, विद्युतचुंबकीय गोंगाट एकाच वारंवारतेवर साचू नये म्हणून. त्यात १०० चे ९९.८ होतात, आणि ९९.८ गुणिले ५० किती ते त्याने स्वतःच मोबाइलवर करून पाहिलं. दुसऱ्या एका गृहस्थांना मशीन रिकामं असताना वेग ८०० मेगाहर्ट्झवर येतो याचं दुःख होतं. काम नसताना तो तसा यायलाच हवा. अशा वेळी मी पैसे घेत नाही, चहा मात्र त्यांना पाजावा लागतो.

भुईगावच्या एका एडिटरचं मशीन मात्र सविस्तर सांगण्यासारखं आहे. त्यात जवळजवळ सगळंच एकत्र आलं होतं. चिप ८७००-के. २०१७ सालची, सहा कोअरची. एकट्या कोअरला ४.७ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारी आणि सहाही कोअर कामाला लागले की कंपनीच्या हिशोबाने ४.३ वर चालणारी. कुणीतरी ती सहाही कोअरवर ५ ला बसवून दिली होती. रेंडर जोरात सुरू व्हायचा, काही मिनिटांनी रांगायला लागायचा, आणि मधूनच मशीन रिस्टार्ट मारायचं. तोपर्यंत दोघा-तिघांनी हात फिरवला होता. टिकत नाही म्हणून प्रत्येकाने थोडं थोडं व्होल्टेज वाढवत १.३६ पर्यंत नेलं होतं. शेवटी महागडा वॉटर कूलरही बसवला होता.

इथे जरा आकडेमोड करतो. ती केल्याशिवाय हे सगळं हवेत राहतं. चिपची उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. ४.३ वरून ५ म्हणजे वेगात १६ टक्के वाढ. व्होल्टेज समजा १.२० वरून १.३६ नेलं. दिसायला ते १३ टक्केच आहे, पण वर्ग केला की २८ टक्के होतं. दोन्हींचा गुणाकार केला की उष्णता जवळजवळ दीडपट. १६ टक्के वेगासाठी दीडपट ताप. वेग टिकत नाही म्हणून व्होल्टेज वाढवणाऱ्याला हा गुणाकार माहीत नसतो. अडवणूक तापामुळे होत असेल तर व्होल्टेज वाढवल्याने ती आणखी लवकर होते, इतकंच.

माझी पद्धत अशी की मशीन आलं की पहिल्यांदा काहीच बदलायचं नाही. एचडब्ल्यू-इन्फो हा आकडे दाखवणारा प्रोग्राम लावायचा, लॉग चालू करायचा आणि लोड द्यायचा. मग वेगाची रेघ कशी खाली येते ते बघायचं. कुणी अडवलं हे त्या रेघेच्या आकारातच कळतं.

वॅटची हद्द लागली असेल तर रेघ सुरुवातीला काही सेकंद वर राहते, मग एक पायरी उतरते आणि तिथेच सपाट चालते. ८७००-केची कायमची हद्द ९५ वॅटची. बोर्ड ती पाळत असेल तर गुणक कितीही टाका, जड कामात मशीन त्या हद्दीत बसेल एवढ्याच वेगावर येऊन थांबतं. ताप हद्दीला लागला असेल तर रेघ करवतीसारखी दातेरी दिसते आणि तापमानाचा आकडा शंभराला चिकटलेला असतो. चिप शंभराला पोचते, वेग सोडते, निवते, पुन्हा चढते. तिसरी जात एव्हीएक्सची. काही प्रोग्राम, त्यात व्हिडिओ आणि थ्रीडीचे बरेच, या रुंद आज्ञा वापरतात आणि त्या चिपला फार तापवतात. म्हणून बायोसमध्ये एव्हीएक्स आलं की गुणक दोन-तीनने कमी कर अशी सूचना असते. तेव्हा रेघ बरोबर २०० किंवा ३०० मेगाहर्ट्झनेच उतरते, क्षणात, आणि तो प्रोग्राम बंद केला की क्षणात वर जाते. कित्येकदा ही सूचना बोर्ड स्वतःच भरून ठेवतो आणि मालकाला पत्ताही नसतो. इतक्या नेमक्या उतरणीला कुणी ‘अनस्टेबल’ म्हटलं की मला जरा हसू येतं.

चौथी जात सगळ्यात फसवी. चिपचं तापमान ठीक, वॅट ठीक, आणि तरी वेग एकदम ८०० पर्यंत कोसळतो. क्षण-दोन क्षण तिथे राहतो आणि परत येतो. ही तक्रार चिपची नसते, तिच्या शेजारच्या व्हीआरएमची असते. एसएमपीएसकडून आलेल्या १२ व्होल्टचे चिपला लागणारे सव्वा-दीड व्होल्ट करणारी ती मॉस्फेटची रांग. १५० वॅट सव्वा व्होल्टने द्यायचे म्हणजे सव्वाशे अँपिअरच्या आसपास करंट त्या रांगेतून जातो. ती फार तापली की बोर्ड चिपला धोक्याची एक तार ओढून सांगतो, थांब. चिप ते ऐकते. चिपच्या तापमानाकडे बघत बसणाऱ्याला मात्र यातलं काहीच दिसत नाही.

भुईगावचं मशीन दुकानात लोडवर ठेवलं तर तासभर ५ वर धावलं. एडिटर माझ्याकडे बघतोय आणि मी मशीनकडे. ‘दादा, तुमच्याकडे आलं की गुमान चालतं.’ दुकानात एसी होता, कॅबिनेटची बाजू उघडी होती, आणि टेबलावर पंखा फिरत होता. मशीन तपासायला ही सगळ्यात वाईट परिस्थिती, कारण इतक्या सुखात गिऱ्हाइकाच्या घरी ते कधीच नसतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्कूटर काढली.

खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर पत्रे. नारळाची सावली अर्ध्याच पत्र्यावर. कॅबिनेट टेबलाच्या खाली सुताराने प्रेमाने करून दिलेल्या कप्प्यात, तिन्ही बाजूंनी प्लायवूड. खोलीत तापमान ३५-३६, कप्प्यात त्याहून बरंच जास्त. अडलेल्या लग्नाचा रेंडर लावला. काही मिनिटांत ८००, पुन्हा ५०००, पुन्हा ८००. चिप ८२ अंशांवर, म्हणजे शंभराच्या पुष्कळ अलीकडे. व्हीआरएमवरच्या छोट्या हीटसिंकला बोट लावलं तर टिकवता येईना.

कारण ऐकून एडिटरला राग आला, आणि तो रास्त होता. आधी त्याच्याकडे उभा टॉवर कूलर होता. त्याचा पंखा चिपसाठी असला तरी त्याची हवा आजूबाजूच्या मॉस्फेटवरूनही वाहत होती. वॉटर कूलर बसवला तेव्हा तो पंखा गेला आणि रेडिएटर कॅबिनेटच्या टोकाला जाऊन बसला. चिपच्या डोक्यावर आता फक्त पाणी फिरवणारी गोल डबी. म्हणजे चिप थंड झाली आणि तिला वीज देणारी रांग वाऱ्याला मुकली. पैसे खर्च करून त्याने अडथळा चिपवरून उचलून बोर्डावर ठेवला होता. वॉटर कूलर वाईट नसतात. पण बोर्ड साधा असेल, मॉस्फेटवरचा हीटसिंक नावापुरता असेल, आणि खोलीला पत्रे असतील, तर मी अजूनही चांगला उभा टॉवर कूलरच सुचवतो. इथल्या हवेत तो जास्त प्रामाणिक काम करतो. पंप बंद पडायची भीती नाही ती वेगळीच.

रिस्टार्टचं प्रकरण स्वतंत्र निघालं. दोन तक्रारी एकाच मशीनमध्ये असल्या की सगळे त्यांना एकच समजतात. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अशा वेळी कर्नेल-पॉवर ४१ ही नोंद सापडते आणि लोक तिचा फोटो काढून पाठवतात. ती नोंद एवढंच सांगते की मशीन नीट बंद न होता गेलं. का गेलं ते ती सांगत नाही. ओव्हरक्लॉकमुळे गेलं असेल तर बहुतेकदा आसपास व्हीआ-लॉगरच्या नोंदी दिसतात. त्या प्रोसेसरने स्वतः पकडलेल्या चुका असतात. नाहीतर निळ्या पडद्यावर क्लॉक वॉचडॉग टाइमआउटसारखा मजकूर येऊन गेलेला असतो. इथे तसं काहीच नव्हतं. नोंदींच्या वेळा बघितल्या तर बऱ्याचशा संध्याकाळच्या. मी विचारलं, ‘तेव्हा लाइट जाते का?’ तर त्याच्या आई आतून म्हणाल्या, ‘डोळा मारून येते रोज.’

वीज डोळा मारून येते तेव्हा यूपीएसने तेवढा क्षण सांभाळायचा असतो. पण स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की त्याची वीज गोल लहरीची नसते, पायऱ्यांची असते. आजच्या चांगल्या एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी असतं, आणि त्यातल्या काहींना ही पायऱ्यांची वीज अजिबात मानवत नाही. त्यातून मशीन पूर्ण लोडवर, म्हणजे यूपीएसच्या ऐपतीबाहेर. त्या क्षणी सगळं गार. यात ओव्हरक्लॉकचा दोष एवढाच की त्याने लोड वाढवला. साइन वेव्हचा, मोठ्या ताकदीचा यूपीएस घेतल्यावर रिस्टार्ट थांबले.

मशीनचं काय केलं? कप्प्याची मागची आणि एका बाजूची फळी काढायला लावली. व्हीआरएमवर हवा मारणारा एक छोटा पंखा बसवला. गुणक ५० वरून ४७ वर आणला आणि मग व्होल्टेज पायरीपायरीने खाली उतरवत नेलं, मशीन अडखळेपर्यंत, आणि तिथून दोन पायऱ्या वर थांबलो. ते १.२४ च्या आसपास आलं. एडिटरने विचारलं, ‘म्हणजे ३०० मेगाहर्ट्झ गेले ना?’ कागदावर गेले. ५ वर चाळीस मिनिटांत झाला असता असा रेंडर ४.७ वर साडेबेचाळीस मिनिटांत होतो. पण ५ वर तो चाळीस मिनिटांत होतच नव्हता. दर थोड्या वेळाने ८०० वर जाऊन येण्यात त्याला तासाच्या वर लागत होतं.

त्याला आणखी एक सल्ला कुणीतरी दिला होता, चिपचं झाकण काढून घे म्हणून. ८७००-केच्या पत्र्याच्या झाकणाखाली डाय आणि झाकण यांच्यामध्ये साधी पेस्ट असते. ती काढून द्रवधातू भरला की तापमान चांगलंच उतरतं हे खरं आहे. पुढच्या वर्षीच्या ९९००-केमध्ये कंपनीनेच पेस्टऐवजी डाग दिला. पण ज्याच्या घरचे हप्ते त्या एका मशीनवर चालतात त्याच्या चिपचं झाकण मी उचकटत नाही. हौशी लोकांनी स्वतःच्या जबाबदारीवर करावं.

व्होल्टेजबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिथे भले भले चुकतात. बायोसमध्ये १.३० टाकले म्हणजे लोडवर चिपला १.३० मिळतात असं नाही. करंट वाढला की व्होल्टेज थोडं बसतं. सोसायटीत सकाळी सगळ्यांनी एकदम नळ सोडले की वरच्या मजल्याची धार बारीक होते, तसंच हे. हे बसणं मुद्दाम ठेवलेलं असतं. ते भरून काढायला लोड-लाइन कॅलिब्रेशन नावाची सेटिंग असते, आणि तिच्या शेवटच्या पायरीवर लोकांचा फार जीव. तिथे ठेवलं की लोडवरचा आकडा ताठ दिसतो. पण लोड सुटतो त्या क्षणी व्होल्टेज उसळतं, आपण टाकल्याच्याही वर, आणि ती उसळी इतकी क्षणिक असते की सॉफ्टवेअरला दिसतसुद्धा नाही. चिप झिजते ती तिथे. म्हणून मी ती सेटिंग मधल्या पायरीवर ठेवतो आणि लोडवरचं व्होल्टेज काय येतंय त्यावरून बोलतो.

विरारचा एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी आला तेव्हा मात्र सगळं उलट होतं. त्याचं मशीन पूर्ण लोडवर दगडासारखं चालायचं आणि गाणी ऐकताना मरायचं. रायझन ५८००-एक्स. त्याने कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये आठही कोअरला उणे ३० दिलं होतं. म्हणजे प्रत्येक वेगाला लागणारं व्होल्टेज कमी करून चिपला थंड ठेवायचं, मग ती आपणहून जास्त चढते. कल्पना चांगली आहे. पण पूर्ण लोडवर सगळे कोअर मिळून मध्यम वेगावर असतात. एकट्या कोअरला हलकं काम मिळालं की तोच सर्वांत उंच उडी घेतो, आणि तिथेच त्याला व्होल्टेज कमी पडतं. मुलाने रात्र रात्र सिनेबेंच ही पूर्ण लोडची चाचणी चालवून ‘स्टेबल’ ठरवलेलं मशीन त्यामुळे रिकाम्या वेळी पडत होतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीआ-लॉगरची १८ क्रमांकाची नोंद होती आणि प्रत्येक नोंदीत प्रोसेसरचा एपिक आयडी. या आठ कोअरच्या चिपमध्ये दर दोन आयडींमागे एक कोअर. सगळ्या नोंदी दोनच कोअरच्या निघाल्या. त्या दोघांचं उणे ३० वरून उणे १२ केलं, बाकीचे थोडे सैल केले. नंतर त्यानेच एकेक कोअर वेगळा तपासणारा प्रोग्राम रात्रभर लावला. पोरगा हुशार होता. पुढच्या वेळी तो दुकानात शिकायलाच आला.

त्याच्याच मशीनवर मी त्याला आणखी एक गंमत दाखवली. व्होल्टेज फार कमी केलं की रायझन पडायच्या आधी ठोकाच ताणते. विजेची घसरण जाणवली की काही ठोके लांबवते. वरचा आकडा ४८५० दाखवत राहतो, पण इफेक्टिव्ह क्लॉक नावाचा दुसरा रकाना त्याहून खाली असतो आणि सिनेबेंचचा स्कोअर पडतो. म्हणून आकड्याचा फोटो मला कुणी पाठवला की मी स्कोअर मागतो. मोठ्या आकड्यावर कमी काम करणारी मशीनं मी बरीच पाहिली आहेत.

रॅमचंही असंच. बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमचा वाढीव वेग, चालू करणं हेही ओव्हरक्लॉकच असतं हे बहुतेकांना ठाऊक नसतं. चार काड्या लावून, त्याही दोन वेगवेगळ्या खरेदींच्या, वर एक्सएमपी चालू करून लोक प्रोसेसरला दोष देतात. म्हणून प्रोसेसरकडे वळण्याआधी एक्सएमपी बंद करून बघावं आणि मेमटेस्ट एक रात्र लावावी. निम्म्या वेळा तिथेच काम संपतं.

गेल्या काही वर्षांत एक नवीन जात आली. काहीही न वाढवता अस्थिर झालेली मशीनं. २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं की तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप चिपा जास्त व्होल्टेज मागून घेतात आणि त्यामुळे झिजून अस्थिर होतात. गेम सुरू होताना ग्राफिक्स कार्डाची मेमरी संपल्याचा निरोप यायचा. लोक कार्ड बदलायचे, आणि दोष असायचा प्रोसेसरचा. ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि पुढे ०एक्स१२बी ही मायक्रोकोड दुरुस्ती आली, आणि त्या चिपांची वॉरंटी तीनाची पाच वर्षं झाली. बायोस अपडेट करून पुढची झीज थांबवता येते, झालेली भरून येत नाही. अशी चिप असेल आणि मशीन पडत असेल तर सेटिंगशी खेळण्यात दिवस घालवू नका, वॉरंटीत बदलून घ्या. यातला मला लागलेला अर्थ असा की १४९००-के कारखान्यातूनच ६ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारी येते. सेलेरॉनमध्ये पोरांसाठी दीडशे मेगाहर्ट्झ शिल्लक राहिले होते, आता जे काही शिल्लक असतं ते कंपनीच विकून टाकते. हौशी माणसाने वर न्यायला फारसं उरलेलं नाही. व्होल्टेज उतरवून तोच वेग थंड ठेवणं, हे आजचं खरं कौशल्य आहे.

आणि थंड ठेवणं वसईत सोपं नाही. राजोडी, कळंब, अर्नाळ्याकडून येणाऱ्या कूलरच्या पात्यांमध्ये धूळ सुटी नसते. खाऱ्या दमट हवेने तिचा थर चिकट होऊन पात्यांना धरतो आणि ब्लोअरने उडत नाही, कूलर उतरवून ब्रशने धुवावा लागतो. वालीव-सातिवलीच्या गाळ्यांतल्या ऑफिसातून येणारी मशीनं वेगळी. त्यांच्यात काळी धूळ असते. कारखान्याची असली तर तिच्यात धातूचा कीसही असू शकतो, आणि तो बोर्डावर नको. २०१८ च्या जुलैत वसई पाण्याखाली गेली त्यानंतर तळमजल्यावरचे लोक कॅबिनेट जमिनीवर ठेवत नाहीत, एवढं एक चांगलं झालं. टेबलावर आलं की त्याला वाराही लागतो.

आता त्या डिसेंबरच्या प्रश्नाचं उत्तर. कूलर चिपला खोलीच्या तापमानाच्या खाली नेऊ शकत नाही. तो फक्त चिप आणि खोली यांच्यातलं अंतर ठरवतो. त्याच लोडवर ते अंतर ६२ अंशांचं असेल तर डिसेंबरातल्या २२ अंशांच्या खोलीत चिप ८४ वर असते आणि मेमधल्या ३६ च्या खोलीत ९८ वर. ८४ वर सोळा अंशांची सवड दिसते. ९८ वर काहीच उरत नाही, आणि गरम चिप त्याच व्होल्टेजला जास्त गळते, म्हणून अंतरही थोडं वाढतं. हिवाळ्यात कुणी ओव्हरक्लॉक करून मागितलं तर मी करून देतो, पण दोन गुणक खाली, आणि सांगतो की मे महिन्यात दुपारी एकदा घेऊन या. काही जण म्हणतात, मग एसी बसवतो. एसी बसवणार असाल तर स्वतःसाठी बसवा, त्या पत्र्याखाली दहा तास तुम्हीही बसता. पण त्याच्या भरवशावर गुणक वाढवू नका, कारण लाइट गेली की आधी एसी जातो आणि मशीन यूपीएसवर रेंडर करत राहतं.

मशीन दुरुस्तीला आणाल तेव्हा नुसतं कॅबिनेट आणू नका. यूपीएस आणा, त्याची वायर आणा, आणि ज्या प्रोजेक्टवर ते अडलं ती फाइल पेनड्राइव्हवर घेऊन या. दुपारी किती वाजता अडलं, वर पंखा होता का, तेही कागदावर लिहून आणा. व्होल्टेज मात्र घरी वाढवू नका.